सफरचंदा, जरा मागे सरक!

मीरा रोड स्टेशनाबाहेर संध्याकाळच्या गर्दीत फळांच्या दोन जाती ओळखू येतात: स्टिकरवाली आणि बिनस्टिकरची. स्टिकरवाली जाळीचं टोपडं घालून बसतात आणि त्यांना कुणी दाबून बघत नाही. बिनस्टिकरची पाटीत, हातगाडीवर, कधी नुसत्या गोणपाटावर असतात आणि त्यांचा भाव वाट्यावर ठरतो. आजाऱ्याला भेटायला निघालेला माणूस हमखास पहिल्यांकडे वळतो. दवाखान्यात पिशवीभर पेरू घेऊन गेलात, तर नातेवाईक एकमेकांकडे बघतील.

बघू देत. १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व असतं साधारण ५ मिलिग्रॅम. तेवढ्याच पेरूत सव्वादोनशेच्या आसपास! क जीवनसत्त्वाचा राजा म्हणून मिरवणारं संत्रं ५३ वर थांबतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू खाल्ला की त्या दिवसापुरता हिशोब चुकता. तरी रविवारी चार पेरू खाऊन आठवडा ढकलू, ही हुशारी चालत नाही. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं. जास्तीचं शरीर साठवत बसत नाही, बाहेर सोडून देतं.

तंतूंचा हिशोबही असाच. १०० ग्रॅम सफरचंदात साधारण २.४ ग्रॅम, पेरू आणि चिकूत पाचाच्या वर. पोट साफ होण्यासाठी महागडी पावडर पाण्यात ढवळणाऱ्यांनी आधी पेरूच्या पाटीकडे बघावं. तो बियांसकट खावा. बिया दातात अडकतात ही तक्रार रास्त आहे. त्यावर विज्ञानाकडे टूथपिकखेरीज उपाय नाही.

जेवणानंतर पेरूच्या दोन फोडी खाण्याचा आणखी एक फायदा. पालेभाजी आणि डाळीतलं लोह शरीरात मुरायला जड असतं आणि क जीवनसत्त्व त्याला हात देतं. जेवणावर लगेच चहा घेतला की नेमकं उलट घडतं. घरोघरी लोहाच्या गोळ्या आणि जेवणानंतरचा कडक चहा सुखाने एकत्र नांदतात, ही गंमत वेगळीच.

मिठागराच्या गावात मीठ जपून

मीरा रोडच्या शेजारचं भाईंदर हे मिठागरांचं गाव. खाडीच्या कडेची पांढरी वाफे-वाफे जमीन लोकलच्या खिडकीतून पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे पेरू, अननस, कैरी, काकडी असं जे दिसेल त्यावर मीठ-तिखट भुरभुरायचं, हा जणू स्थानिक हक्कच. अडचण एवढीच की फळांतलं पोटॅशियम रक्तदाब ताब्यात ठेवायला मदत करतं आणि मीठ नेमकं तेच काम बिघडवतं. गाडीवाला बोटांच्या चिमटीने मीठ घालत नाही, मुठीने घालतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्याला "तिखट चालेल, मीठ नको" म्हणावं. तो बघेल विचित्र नजरेने, पण देईल.

पोर्तुगीज गेले, फळं राहिली

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. दोन शतकांच्या या काळात उत्तन-डोंगरीच्या धारावी बेटावरही पोर्तुगीजांचा अंमल होता. तिथला धारावी किल्ला त्या लढायांचा साक्षीदार. चर्च राहिली, आडनावं राहिली आणि पाटीतली निम्मी फळंही राहिली. पेरू, पपई, अननस, सीताफळ आणि काजू हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. 'आपला गावठी पेरू' म्हणून ज्याचा अभिमान धरावा, तो चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेला पाहुणा निघतो. चिंचसुद्धा फार पूर्वी आफ्रिकेतून आलेली. पाटीतले अस्सल भूमिपुत्र शोधायचे तर आंबा, फणस, जांभूळ, करवंद, कोकम, आवळा. यातली करवंदं आणि जांभळं काशीमिरा-चेण्याकडच्या जंगलपट्ट्यातल्या पाड्यांवरच्या बायका पानाच्या द्रोणात घालून विकायला आणतात. त्यांच्यावर स्टिकर नसतं आणि दोन दिवस टिकायचीही त्यांना सवय नाही.

काजूचं मात्र वाईट वाटतं. बी सोन्याच्या भावाने विकली जाते आणि तिच्या वरचं बोंड कोकणात सडून जातं. त्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. पण ते तोडल्यापासून दिवसभरात नासायला लागतं, मुंबईपर्यंत पोहोचणार कसं? गोव्याने त्याची फेणी केली आणि प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला.

ताडाची मादी

मार्च उजाडला की उत्तन, गोराई, वसईकडचे ताडगोळे स्टेशनाबाहेर येतात. विकणारी बाई कोयत्याने टणक फळ उघडून तीन खोबणींतले तीन गोळे अलगद काढते. "भाऊ, दाबू नका, पाणी जाईल" हे तिचं वाक्य गेली अनेक वर्षं बदललेलं नाही.

आपण खातो तो गोळा म्हणजे फळाचा गर नव्हेच. ती आहे कोवळी, अजून घट्ट न झालेली बी. शहाळ्यातली मलई जशी पुढे खोबरं होते, तसा हा गोळाही झाडावर राहिला तर दगड होतो. म्हणून त्याचं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. ताडगोळे देणार ती फक्त मादी आणि तीही लावल्यापासून बारा-पंधरा वर्षं वाट पाहायला लावून. नातवासाठी झाड लावावं, ही म्हण ताडाच्या बाबतीत अक्षरशः खरी.

आरोग्याचं म्हणाल तर ताडगोळा म्हणजे जवळजवळ पाणीच. उष्मांक कमी, साखर बेताची, मे महिन्याच्या दुपारी यापेक्षा सुखाचं काही नाही. वरची पिवळसर साल तुरट लागते. ती खाल्ली तर बिघडत काही नाही. घामोळ्यांवर ताडगोळा चोळायचा घरगुती उपाय आहे. गार लागतं एवढं नक्की. त्यापुढचे दावे विकणाऱ्यांचे.

बटाट्याची जागा घेणारं केळं

भाईंदरमध्ये जैन वस्ती मोठी, आणि कंदमुळं वर्ज्य म्हणजे बटाटाही वर्ज्य. पण पावभाजी कुणी सोडत नाही. म्हणून इथल्या गाड्यांवर जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चं केळं घोटलेलं असतं. धर्माने सांगितलेला हा बदल आतड्यांच्याही पथ्यावर पडणारा. कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचा बराच भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंचं जेवण होतो. शिजवल्यावर त्यातला काही भाग कमी होतो, हे खरं. आणि वरून पडणाऱ्या लोण्याच्या वडीबद्दल केळ्याला जबाबदार धरता येत नाही.

हेच केळं पिकलं की स्टार्चची साखर होते. हिरवं, पिवळं, ठिपकेवालं ही एकाच फळाची तीन वेगवेगळी पथ्यं. मधुमेह्यांनी ठिपके पडायची वाट न बघितलेली बरी.

खाडी ओलांडली की वसई. तिथल्या राजेळी केळ्यांची सुकेळी अजून काही घरांत होतात. पिकलेली केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची. वरून साखरेचा एक कण नाही आणि टिकतात महिनोन्महिने. जिमच्या पिशवीत चकचकीत वेष्टणातला एनर्जी बार ठेवणाऱ्यांनी एकदा आगाशीकडची सुकेळी चाखून पाहावीत. अट एकच, मिळाली तर.

जाता जाता: केळीचं झाड हे झाड नाही. ते प्रचंड वाढलेलं, लाकूड नसलेलं रोप आहे आणि खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत केळं 'बेरी'त बसतं, स्ट्रॉबेरी बसत नाही. शिवाय पोटॅशियममुळे केळं अगदी किंचित किरणोत्सारीही असतं. घाबरायचं कारण नाही. त्याच पोटॅशियममुळे तुम्हीही आहात.

नया नगरच्या कबाबातली पपई

रमजानच्या रात्री मीरा रोडच्या नया नगरात कबाबांचा धूर उठतो, त्यामागे बहुतेक वेळा एक हिरवं फळ असतं. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं आणि ते मांसातली प्रथिनं तोडतं. मांसाला वाटलेली कच्ची पपई चोळून ठेवली की ते लोण्यासारखं मऊ होतं. रात्रभर विसरलात तर मात्र कबाब सळईवर राहत नाही, निखाऱ्यात पडतो.

पपई पिकली की हा चीक जवळपास संपतो. गरोदर बाईला घरातल्या मोठ्या बायका पपईपासून लांब ठेवतात, त्यात कच्च्या पपईपुरतं तथ्य आहे. पिकलेल्या पपईबद्दल डॉक्टरांना विचारावं, शेजारणीला नाही.

पपईच्या बिया वाळल्या की काळ्या मिऱ्यासारख्या दिसतात आणि चावल्यावर तिखटही लागतात. मिऱ्यांत भेसळ करणाऱ्यांच्या हे कधीच लक्षात आलंय. घरी ओळखायचं कसं? पेल्यात पाणी घ्या, मिरे टाका. खरी मिरी तळाशी बसते, पपईची बी वर तरंगते.

अननसाचा स्वभावही पपईचाच. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, कारण त्यातलं ब्रोमेलेन हे विकरही प्रथिनं तोडतं आणि तुमची जीभ प्रथिनांचीच बनलेली. तुम्ही अननस खात असता तेव्हा तोही तुम्हाला थोडा थोडा खात असतो. ताजा अननस घातला की जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, ती याच कारणाने. डब्यातला घातला तर होते, कारण उष्णतेने विकर मरतं. म्हणून अननसाचा शिरा कधी जिभेला बोचत नाही.

आमरसावर तूप: आजी बरोबर होती

हापूसबद्दल लिहिताना मराठी माणसाचा तोल जातो, म्हणून आकड्यांना धरून राहू. १०० ग्रॅम आंब्यात साधारण ६० उष्मांक आणि १४ ग्रॅम साखर. म्हणजे एक आंबा हा काही गुन्हा नाही. गुन्हा घडतो तो आमरसाच्या तिसऱ्या वाटीत, कारण रस चावावा लागत नाही आणि चार आंबे कधी पोटात गेले ते कळत नाही. एरवी एका बैठकीत चार आंबे कापून खाल्ले असते का? (काहींनी खाल्ले असते. त्यांच्यासाठी हा लेख नाही.)

कैरी पिकताना तिच्यातलं क जीवनसत्त्व उतरत जातं आणि केशरी रंग चढतो. तो रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं, डोळ्यांच्या कामाचं. हे द्रव्य विरघळतं स्निग्ध पदार्थात. म्हणजे आमरसावर चमचाभर तूप घालण्याच्या पद्धतीमागे पक्कं रसायनशास्त्र आहे. चमचाभर, आजीच्या हातची धार नव्हे.

आंबे पाण्यात भिजत ठेवायच्या पद्धतीचं काय? आतल्या गराची उष्णता बाहेर येते वगैरे काही होत नाही. पण देठाशी साकळलेला चीक धुतला जातो आणि तो धुतला जायलाच हवा. आंबा हा बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातला. बिब्बा उततो, तसा काहींना आंब्याचा चीकही उततो आणि ओठांच्या कडांना फोड येतात. आंबा खाऊन तोंड आलं की दोष 'उष्ण' गराला मिळतो. बऱ्याचदा खरा गुन्हेगार सालीवरचा चीक असतो.

आणि आंबा पिकवला कशावर, हे विचाराच. कॅल्शियम कार्बाइडवर आपल्याकडे बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने ठरावीक प्रमाणात फळ पिकवायला परवानगी आहे. तोच वायू फळ स्वतःही सोडतं. गवताच्या अढीत आंबे कोंडून ठेवायचे ते हाच वायू धरून ठेवण्यासाठी. घरचा उपाय: कडक आंब्यांच्या पिशवीत एक पिकलेलं केळं ठेवा. बाहेरून पिवळाधमक, आतून करकरीत आणि वासच नाही असा आंबा समोर आला तर घाईत पिकवलेला समजा आणि विक्रेत्याला एक स्मित देऊन पुढे सरका.

हापूसच्या परदेशवारीतही एक मजा आहे. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्यासाठी दार पुन्हा उघडलं, पण अट घातली की कोयीतल्या किड्याचा बंदोबस्त गॅमा किरणांनी करा. मग रत्नागिरीचा राजा आधी नाशिक जिल्ह्यात लासलगावला गेला, कांद्यासाठी उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण केंद्रात, आणि तिथून विमानात बसला. फळ त्याने किरणोत्सारी होत नाही. कांद्याच्या गावात जावं लागलं, हाच काय तो अपमान.

ब्लूबेरीचा गरीब चुलता

मॉलमध्ये मूठभर ब्लूबेरी डबीत बंद करून भारी किमतीला विकतात, कारण तिच्या निळ्या रंगात अँथोसायनिन आहे. आपली जीभ जांभळी करणारा रंग कोण आहे? तोच. पालघरच्या बहाडोली गावच्या जांभळांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. टपोरी, गरदार, बी लहान. जूनमध्ये जेमतेम काही आठवडे मिळतात, पहिला जोराचा पाऊस झाला की संपली.

मधुमेहावर जांभळाच्या बियांचं चूर्ण हा उपाय सगळ्यांना माहीत. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्याचे बरेच अभ्यास झालेत. माणसांवरचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. फळ म्हणून जांभूळ मधुमेह्यालाही बेताने चालतं. चूर्णाच्या भरवशावर गोळी बंद करणं चालत नाही.

कोकमाचंही असंच झालंय. उत्तनला ताज्या माशांच्या जेवणावर सोलकढी हवीच. कोकमाचं आम्ल माशाच्या वासाला जबाबदार असलेली द्रव्यं बांधून टाकतं, म्हणून कालवणात आमसूल पडतं. पण कोकमाच्याच कुळातल्या एका फळाचा अर्क 'वजन घटवा' म्हणत गार्सिनिया या नावाने कॅप्सुलात विकला जातो आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वाटीभर सोलकढी प्या, बिनधास्त. कॅप्सूल दुकानातच राहू द्या.

चिकूची कथा जरा चिकट. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाड मूळचं मेक्सिकोकडचं. त्याच्या खोडाचा चीक चघळायची तिथली जुनी सवय. १८७० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये थॉमस ॲडम्सने त्या चिकापासून रबर करायचा घाट घातला. रबर काही जमलं नाही, मग त्याने च्युइंगगम काढलं. तंतूंचा भरणा असल्याने चिकू पोटाला चांगला, पण गोडही तेवढाच.

ड्रॅगन फ्रूटला गुजरातने २०२१ मध्ये 'कमलम' नाव दिलं. निवडुंगाचं हे फळ आता सांगली-सोलापूरकडेही पिकतं. लाल गराचं खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून डॉक्टरांना फोन करू नका. तो रंग फळाचाच.

यांनी जरा थांबावं

'फळ आहे, काय होतंय!' हे वाक्य दोन ठिकाणी महागात पडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं आणि केळं डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम बिघडलेलं असतं. आणि कमरख, ज्याला हल्ली स्टार फ्रूट म्हणतात, ते तर पूर्ण वर्ज्य. त्यातलं एक द्रव्य अशा रुग्णांच्या मेंदूवर परिणाम करतं, उचकी लागण्यापासून थेट बेशुद्धीपर्यंत.

दुसरं पपनस. गणपतीत पाटीत बसून येणारं, फुटबॉलएवढं. ते ग्रेपफ्रूटचं पूर्वज आणि दोघांतही अशी द्रव्यं आहेत की कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. बाप्पापुढे ठेवायला हरकत नाही. प्रसाद म्हणून फोड तोंडात टाकण्याआधी केमिस्टला गोळीचं नाव सांगून विचारावं.

सगळ्यात जड पाहुणा

झाडाला लागणाऱ्या फळांत आकाराने फणसाचा हात धरणारं कुणी नाही. जगातल्या सर्वांत जड फणसाचा गिनीज विक्रम पुण्यात नोंदवला गेला, २३ जून २०१६ रोजी: ४२.७२ किलो. सातवी-आठवीतल्या पोराएवढं वजन! लोकलच्या डब्यात तो फणस मांडीवर घेऊन बसता आलं नसतं, त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागलं असतं.

एक फणस म्हणजे एक फळ नसतं. शेकडो फुलांची फळं एकत्र जुळून तो बनतो आणि प्रत्येक गरा हे मुळात एकेक फळ. कापा की बरका, यावरून कोकणी घरांत भांडणं होतात. आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, पोटॅशियम भरपूर. कापताना हाताला आणि सुरीला खोबरेल लावायला विसरू नका.

आठळ्या फेकू नका. त्यांत स्टार्च आणि बऱ्यापैकी प्रथिनं असतात. उकडून भाजीत घाला किंवा चुलीत भाजून मिठासोबत खा. कच्च्या मात्र पचत नाहीत. आणि उकडलेल्या असल्या, तरी रात्री ओंजळभर खाऊन सकाळी भाईंदरहून चर्चगेट फास्ट पकडू नये. डब्यात खिडकी उघडायलाही जागा नसते.